डब्यातलं अर्धं काम

बिअरच्या किटचा डबा उघडला की आत काळपट तपकिरी, चमचा उभा राहील इतका घट्ट अर्क असतो. वजन १.७ किलो. वास आधी भाजल्या धान्याचा येतो आणि मागून हॉप्सचा कडवट, रानटी दरवळ. झाकणाखाली यीस्टची सात ग्रॅमची पुडी ठेवलेली असते. अर्क आणि किलोभर साखर गरम पाण्यात विरघळवायची, थंड पाणी घालून सगळं २३ लिटर करायचं, वरून यीस्ट भुरभुरायचं आणि झाकण लावायचं. काही आठवड्यांनी बिअर तयार. एवढं सोपं असल्यामुळे थेट धान्यापासून बिअर करणारे जुने लोक किटवाल्यांना जरा खालचं समजतात.

त्यांचं म्हणणं मला निम्मं पटतं. डब्यात खरोखरच अर्धं काम बंद होऊन आलेलं असतं. पण उरलेलं अर्धं लहान नाही, आणि ते मन लावून केलं की त्या बंद अर्ध्याचा शोध घ्यावासा वाटतो. मी तो घेत गेले आणि अकोल्याला, माहेरच्या गच्चीवर येऊन पोचले.

सासर अमरावतीचं, गाडगेनगरातलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं आम्ही ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला होतो. पहिली बिअर मी तिथे केली, आणि तिथेच करता येण्यासारखी होती. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा त्याखाली गुन्हा आहे, मग ते विकायचं नसो, की स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या एका पिंपापुरतं असो. पिण्यासाठीसुद्धा कायद्याने परवाना लागतो. बिअरसाठी वय २१, कडक दारूसाठी २५. अमरावतीला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात तर कित्येक दशकांपासून पूर्ण दारूबंदी आहे. ब्रिटनने घरच्या बिअरवरचा परवाना १९६३ मध्ये काढला, अमेरिकेत १९७८ मध्ये जिमी कार्टर यांच्या सहीने ती मोकळी झाली. ऑस्ट्रेलियात स्वतःपुरती बिअर आंबवायला मोकळीक आहे. गाळायला मात्र तिथेही नाही. ज्यांना हा लेख वाचून अमरावतीत पिंप मांडावंसं वाटेल त्यांना मी स्पष्ट सांगते, मांडू नका. इथे आल्यापासून मीही मांडलेलं नाही.

मी आणलेला डबा कूपर्सचा होता. ॲडलेडला दुसरा कुणाचा आणणार? थॉमस कूपर हा यॉर्कशायरहून १८५२ साली आलेला चांभारकाम करणारा माणूस. बायको ॲन आजारी पडली. तिला बिअर बनवण्याची रीत माहेराहून ठाऊक होती. तिच्या सांगण्यावरून त्याने १८६२ मध्ये औषध म्हणून पहिला घाणा काढला, अशी त्या घराण्यात सांगितली जाणारी गोष्ट आहे. तिच्याइतकीच दुसरी गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कूपर वेस्लियन पंथाचा होता आणि दारूचे गुत्ते त्याला पापाची जागा वाटत. म्हणून त्याने आपली बिअर गुत्त्यांना विकली नाही, घरोघरी पोचवली. बिअर करणं आणि गुत्त्याला विरोध करणं या दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठायी राहू शकतात, हे मला त्याच्याकडून कळलं, आणि पुढे आईशी बोलताना ते मनात होतं.

किटबरोबर जो माहितीचा कागद येतो त्यात पहिली सूचना स्वच्छतेची असते, आणि शेवटपर्यंत तीच खरी सूचना राहते. पिंप, नळ, लांब दांड्याचा चमचा, उष्णतामापक, बाटल्या, हात. गोड कोमट पाणी हे जगातल्या प्रत्येक जंतूचं जेवण आहे. आपल्याला त्या पंगतीत फक्त यीस्टला बसवायचं आहे. लुई पाश्चरने १८७६ मध्ये बिअरवर आख्खा ग्रंथ लिहिला तो हेच सांगायला, की बिअर बिघडते ती नशिबाने नव्हे, भलत्या जंतूंमुळे. त्याआधीची हजारो वर्षं लोक बिअर करत होते ते नुसत्या सवयीच्या जोरावर. मात्र ती सवय आंधळी नव्हती. माझी आजी लोणच्याची बरणी धुऊन उन्हात तापवायची, मग निखाऱ्यावर हिंग टाकून बरणी त्यावर पालथी धरायची. धुरी दिल्याशिवाय कैरी आत जायची नाही, आणि ओला हात बरणीत घालणाऱ्याची गय नव्हती. मी पिंपात निर्जंतुक करणारं द्रावण फिरवत होते तेव्हा माझे हात तेच करत होते. त्या कागदावरची ही एकच सूचना मला नवी नव्हती.

पाण्याचंही तसंच. ॲडलेडच्या नळाच्या पाण्याला ऑस्ट्रेलियाभर नावं ठेवतात. कितीतरी लोक किटला ते तसंच वापरतात आणि त्यांचं काही अडत नाही, कारण धान्यातून साखर काढताना पाण्यातल्या क्षारांचा जो संबंध येतो तो अर्काच्या कारखान्यात होऊन गेलेला असतो. तरीही मी पाणी आदल्या रात्री उकळून झाकून ठेवलं. आईचं माहेर दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. तिथे विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, चहा नासल्यासारखा लागतो, आणि पाहुणा परगावचा असला तर त्याच्यापुरतं गोडं पाणी दुरून आणतात. त्या भागातल्या बाईची लेक पाण्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. इंग्लंडमधलं बर्टन हे गाव मुख्यतः तिथल्या पाण्यातल्या जिप्समच्या जोरावर बिअरसाठी जगप्रसिद्ध झालं, हे वाचलं तेव्हा मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

अर्क आणि साखर विरघळली, थंड पाणी पडलं, काटा २४ अंशांवर आला. यीस्ट वरून भुरभुरलं. ढवळायचं नाही, तसंच राहू द्यायचं. इथून पुढे बिअर करणारा माणूस बिअर करत नाही. आपण गोड पाणी करतो, बिअर यीस्ट करतं. आपल्या हाती उरते ती त्याची सोय पाहणं, आणि त्यातली सगळ्यात मोठी सोय म्हणजे गारवा.

जानेवारी होता, म्हणजे तिकडचा भर उन्हाळा. ॲडलेडचा पारा चाळीस ओलांडतो. २४ जानेवारी २०१९ ला तर तो ४६.६ वर गेला होता. आंबताना यीस्ट स्वतःही उष्णता सोडतं, त्यामुळे पिंपाच्या आतलं तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंश वरच राहतं. तिशीच्या पुढे गेलं की यीस्ट घाईला येतं, आणि घाईच्या यीस्टची बिअर डोक्यात कळ आणणारी, उग्र, रंगाच्या डब्यासारखा वास मारणारी होते. तिथले लोक याच्यासाठी जुना फ्रिज आणि तापमान राखणारं यंत्र घेतात. मी परातीसारखा मोठा टब घेतला, त्यात वीतभर पाणी घातलं, पिंप आत ठेवलं, त्याला जुनी सुती चादर गुंडाळली, चादरीचं टोक पाण्यात सोडलं आणि समोर टेबलफॅन लावला. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तिथे वाळ्याच्या ताट्या, माठाला ओलं फडकं आणि पत्र्याचा कूलर यांच्यावर माणसं उन्हाळा काढतात. हवा कोरडी असेल तर ओलं कापड आणि वारा मिळून सात-आठ अंश सहज उतरवतात, दमट असेल तर काही उपयोग नाही, हे वऱ्हाडात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पहिला पाऊस पडला की कूलर बंद करतात ते त्यामुळेच. ॲडलेडची हवा अकोल्यासारखीच कोरडी. बाहेर एकोणचाळीस असताना माझं पिंप २३ वर होतं. पुढे एका पुस्तकात ही युक्ती घरगुती बिअरवाल्यांची म्हणून दिलेली पाहिली आणि मला फार बरं वाटलं.

रात्री झाकणाला कान लावला तर आत बारीक सळसळ होती. सकाळी पिंपाच्या भिंतीवर फेसाची तपकिरी रेघ उमटली होती आणि घरभर पावाच्या भट्टीतला वास. चार दिवस फेस चढला, मग बसला. फेस बसला म्हणजे काम संपलं, असं समजणं धोक्याचं आहे. यीस्ट खाली बसूनही साखर खात राहतं, आणि उरलेली साखर बाटलीत गेली तर बाटली फुटते. काचेचे तुकडे भिंतीत रुततात. म्हणून हायड्रोमीटर. सुरुवातीला गोड पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १०३८ होतं. साखर संपत जाते तसतसा काटा बुडत जातो. माझा १००८ वर आला, दुसऱ्या दिवशी तिथेच होता, तिसऱ्या दिवशीही तिथेच. लागोपाठ दोन दिवस आकडा हलला नाही की बाटल्या भरायच्या. दोन आकड्यांतल्या फरकाला साडेसातने भागलं की मद्यार्काचं प्रमाण कळतं: ३० भागिले साडेसात, म्हणजे चार टक्के. बाटलीत लिटरमागे आठ ग्रॅम साखर घालायची, बूच घट्ट करायचं. ती साखर खाऊन यीस्ट बाटलीतच वायू करतं. फेस आणि बुडबुडे येतात ते त्याचे. मग पुन्हा अंधारात, निदान दोन आठवडे.

मला या धंद्यातलं सगळ्यात जास्त आवडतं ते हे आकडा न हलण्याची वाट पाहणं. दुसऱ्या कुठल्याही कामात, काही घडत नाहीये याची खात्री करण्यासाठी मी इतक्या उत्सुकतेने उठलेली नाही.

बाटल्या अंधारात होत्या तेव्हा आईचा फोन आला. लपवायचा माझा स्वभाव नाही. सांगितलं.

“काय करून राह्यली वं तू? दारू गायतं?”

“गाळत नाही गं आई. आंबवलीये फक्त. गाळतात ती वेगळी, भट्टीची.”

“गायली काय अन् आंबवली काय, पेनाराले सारखीच.”

त्यानंतर ती पाणी कधी येतं, कोणाकडे लग्न आहे, हेच बोलत राहिली. पण मला माहीत होतं ती कोणाबद्दल बोलते आहे. माझा मामा हातभट्टीने गेला. आधी बैलजोडी, मग पूर्णेकाठचं वावर, मग मामीच्या अंगावरचं सोनं, आणि शेवटी तो. आईने ते वर्षानुवर्षं बघितलं. अमरावती जिल्ह्यात तर या दुःखाची मोठी ओळख आहे. गाडगेबाबांचा जन्म याच जिल्ह्यातल्या शेंडगावचा, १८७६ चा. वडील दारूने गेले. आपल्या मुलीच्या बारशाला त्यांनी रीतीप्रमाणे मटण आणि दारू न देता जातभाईंना गोड जेवण वाढलं, तिथून त्यांच्या कामाची सुरुवात सांगतात. माझ्या सासरच्या घरापासून त्यांच्या समाधीला पायी जाता येतं. सासूबाई रोज जातात.

हे सगळं बाजूला ठेवून मी बिअरवर लिहू शकत नाही. महाराष्ट्रात गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की नाही यावर बायकांचं मतदान होतं. चिठ्ठीवर एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली असते. तशी चिठ्ठी माझ्या हातात आली तर मी आडव्या बाटलीवरच शिक्का मारीन. त्याचबरोबर मला असंही ठामपणे वाटतं, की आंबवण्याची विद्या ही दारूच्या दुकानाची मालमत्ता नाही. ती त्याच्या कितीतरी आधीची आहे आणि बहुतेक ठिकाणी ती बायकांच्या हातात होती. सुमेरियन लोकांची बिअरची देवता निन्कासी ही देवी होती. आफ्रिकेत आजही ज्वारीची बिअर मुख्यतः बायका करतात. मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याकडे, कोरकू घरांत मोहाची फुलं वेचण्यापासून वाळवण्यापर्यंतच्या कामात बायकाच पुढे असतात. माणसं उद्ध्वस्त झाली ती विद्येमुळे नव्हे. रोजच्या मजुरीचा पैसा रोज संध्याकाळी ज्याच्या गल्ल्यात जावा अशी सोय ज्यांनी केली त्यांच्यामुळे. हे मी आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पटल्याचं काही म्हणाली नाही. तिचं तेही बरोबर आहे.

बाटली उघडली. रंग उसाच्या रसाला जरा लाली यावी तसा, फेस पांढरा आणि बऱ्यापैकी टिकणारा, वास स्वच्छ. चव कडवट-गोडसर आणि शेवटी थोडी सपाट. नवरा खूश होता. मलाही आनंद झाला, खरा, पोटातून. आपण ठेवलेल्या पाण्यातून एक जिवंत गोष्ट उभी राहिली होती. पण ते सपाटपण जिभेवरून जाईना. प्यालं की तोंडात काही राहत नव्हतं.

कारण शोधायला वेळ लागला नाही. साखर यीस्ट सगळीच्या सगळी खातं आणि मागे नुसता मद्यार्क ठेवतं. धान्याच्या माल्टमधून आलेल्या गोडीत मात्र काही लांब साखळ्या अशा असतात, की यीस्टला त्या खाता येत नाहीत. त्या बिअरमध्ये उरतात आणि तिला अंग देतात. किटला किलोभर साखर सांगितलेली असते, म्हणून ती हलकी होते. पुढच्या वेळी मी साखरेऐवजी माल्टचाच आणखी अर्क घातला आणि फरक पहिल्या घोटाला कळला. पण प्रश्न तिथून सुरू झाला. माल्ट म्हणजे नेमकं काय? त्या डब्यात कोणी काय करून ठेवलं होतं?

मोहाच्या फुलात साखर आयती असते. द्राक्षात असते, शिंदीच्या रसात असते. तिथे यीस्टला वाट मोकळी आहे. ते बहुतेक वेळा सालीवर, फुलावर आधीच बसलेलं असतं. धान्याचं तसं नाही. धान्यात पीठ असतं, आणि यीस्टला पीठ खाता येत नाही. ते कुलूप उघडायची किल्ली धान्याकडेच असते, पण ती ते फक्त उगवताना बाहेर काढतं. म्हणून जव भिजवायचा, मोड आणायचे, आणि कोंब वाढायच्या आत वाळवून त्याची वाढ थांबवायची. हा माल्ट. मग तो भरडून ६५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवायचा. त्यातली विकरं आपल्याच पिठाची साखर करतात आणि पाणी गोड होतं. ते गाळून, हॉप्सची कडू चव देऊन, आटवलं की डब्यातला अर्क. भिजवणं, मोड आणणं, वाळवणं, भरडणं, शिजवणं, गाळणं, आटवणं. ही यादी मी वहीत लिहिली आणि बघत बसले. यातलं एकही क्रियापद माझ्या आईच्या घरात परकं नव्हतं.

आम्ही परत आलो. अमरावतीला घर लागलं, अकोल्याला येणंजाणं सुरू झालं. जव वऱ्हाडचं पीक नाही, आणि मला तो आणायचाही नव्हता. वऱ्हाडचं धान्य ज्वारी. कपाशी आणि सोयाबीनने तिला मागे रेटलं; माझ्या लहानपणी दिवाळीला गावाकडे जाताना दोन्ही बाजूंनी डोक्यावरून कणसं जायची, आता ती शोधावी लागतात. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ज्वारीवर अजून काम चालतं, हुरड्यासाठी वेगळे वाणही निघाले. पण तिचं ताट, भाकर आणि हुरडा यांपलीकडे आपण तिचा विचार केला नाही. जगाने केला आहे. दक्षिण आफ्रिकेतली उमकोम्बोथी, सुदानमधली मेरिसा, बुर्किना फासोमधली डोलो, या सगळ्यांत ज्वारी आहे. चीनची प्रसिद्ध माओताई लाल ज्वारीची. नायजेरियाने १९८८ मध्ये जवाची आयात बंद केली तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कारखान्यांना ज्वारीकडे वळावं लागलं आणि त्यांनी बाटलीबंद बिअर ज्वारीची केली. हे धान्य कुठल्याही अर्थाने दुय्यम नाही.

मी ठरवलं की ज्वारीच्या गोड पाण्यापर्यंत जायचं आणि तिथे थांबायचं. यीस्ट नाही, पिंप नाही. फक्त डब्यातलं ते बंद अर्धं.

दिवाळीनंतरची नवी ज्वारी घेतली. जवाला मोड यायला पंधरा अंशांचा गारवा लागतो, ज्वारीला पंचवीस ते तीस. म्हणजे आपली कार्तिकातली हवा. रात्रभर भिजवली, पाणी बदललं, ओल्या पंच्यात बांधून टोपलीत ठेवली. मोड जवापेक्षा जोरात आले. गच्चीवर वाळवली. आणि वाळल्यावर आईने सांगितलं नसतं तरी मी एक गोष्ट केलीच असती: सगळे कोंब आणि मुळं हाताने चोळून, पाखडून काढली. पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी जनावराला चारायची नसते, हे शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांना माहीत असतं. तिच्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. मोडातही ते येतं, आणि ते मुख्यतः कोंबात असतं. ज्वारीचा माल्ट करायचा असेल त्याने या पायरीत आळस करू नये.

भरडली, ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवली. ताटलीत थेंब घेऊन त्यावर आयोडीनचा थेंब सोडला. पीठ शिल्लक असेल तर आयोडीन निळंकाळं होतं. झालं. दोन तासांनीही झालं. पाणी किंचित गोड, बाकी सगळं पीठ तळाशी तसंच.

अडचण ज्वारीच्या स्वभावात आहे. जवाचं पीठ साठ अंशांच्या आसपास फुलतं आणि विकरांच्या तावडीत सापडतं. ज्वारीचं पीठ फुलायला सत्तरच्या वर जावं लागतं, आणि तितक्या उष्णतेत विकरं मरतात. पीठ कच्चं ठेवा तर विकरांना ते खाता येत नाही. पीठ शिजवा तर खाणारं कोणी उरत नाही. बुर्किना फासोमधल्या बायका यातून कशी वाट काढतात ते मी वाचलं, आणि अकोल्याच्या गच्चीवर मोठ्याने हसले. त्या भरड पाण्यात कालवतात आणि निवळू देतात. लवकर निवळावं म्हणून त्यात भेंडीच्या खोडाचा चिकट रससुद्धा घालतात. वरचं निवळ पाणी काढून वेगळं ठेवतात. तळाचं पीठ रटरटा शिजवतात. ते जरा निवलं की बाजूला ठेवलेलं पाणी त्यात परत ओततात. विकरं पाण्यात विरघळलेली असतात. ती चुलीपासून लांब राहिली म्हणून जिवंत, आणि पीठ आता शिजलेलं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, “ह्या त कुरडया झाल्या.”

अगदी खरं. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, चीक निवळू द्यायचा, वरचं आंबट पाणी ओतून द्यायचं, चीक शिजवायचा. दर उन्हाळ्यात या घरात हेच होतं. फरक एवढाच, की आपण निवळ फेकतो आणि त्या ठेवतात. त्या एका भांड्यात सगळी विद्या आहे.

या खेपेला भांड्यावर आई बसली. ज्वारीची भरड तिने कोमट पाण्यात कालवली, हात न लावता निवळू दिली आणि पातेलं तिरपं करून निवळ असं काढलं की चीक हलला नाही. मला ते जमलं नसतं. चीक तिने कुरडयांसारखाच घोटून शिजवला. तो उतरवून काटा ७० वर येईपर्यंत थांबलो, मग निवळ ओतलं. सगळं मिळून पासष्टच्या जरा खाली आलं. गोधडीत गुंडाळून ठेवलं. पहिल्या अर्ध्या तासातच ती घट्ट खळ पातळ झाली, डाव सोडला तर खुळखुळ वाजायला लागली. आईने झाकण काढून बघितलं आणि पुन्हा बघितलं. दोन तासांनी आयोडीनचा थेंब टाकला. तो तपकिरीच राहिला.

तिने बोट बुडवून चाखलं. “साखर नाही टाकली?”

“कणभरही नाही.”

हे पाणी तसंच ठेवलं तर वऱ्हाडच्या हवेत संध्याकाळपर्यंत कुठलंतरी यीस्ट त्यात येऊन बसेल. म्हणून ते लगेच उकळायला ठेवलं आणि आटवून पाक केला. तो आता आईच्या फळीवर आहे; सकाळी ती ज्वारीच्या कण्यांवर घेते. काय आहे म्हणून शेजारच्या काकूंनी विचारलं तर ज्वारीची काकवी म्हणून सांगते.

आमचं आता गाळण्यावर अडलं आहे. जवाला टरफल असतं, आणि त्या टरफलांचाच थर गाळणी होऊन बसतो. ज्वारी मळणीतच उघडी होते, त्यामुळे पंच्यातून पाणी थेंबथेंब येतं आणि अर्धं कापडातच राहतं. आईचं म्हणणं, पंचा सोडून कुरडयांच्या चिकाचं जुनं वस्त्र घ्यावं, ते विरळ आहे. माझा विचार भरडीत धुतलेला तुसाचा कोंडा मिसळून पाहायचा आहे. दोन्ही करून पाहू; नवी ज्वारी आली की.